शेवटचं अक्षर कुठलं? जपानी कराओकेतल्या गाण्यांच्या साखळीची पार्श्वभूमी

जपानमध्ये कराओकेच्या खोलीत खेळली जाणारी गाण्यांची साखळी आपल्या गाण्याच्या भेंड्यांसारखीच वाटते, पण एक फरक मोठा आहे. भेंड्यांमध्ये गायलेल्या ओळीचं शेवटचं अक्षर धरतात. तिथे गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरतात आणि पुढच्याने त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचं गाणं लावायचं असतं. याला कारण आहे. कराओकेत गाणं पूर्ण गायलं जातं, आणि शेवट कधी ध्रुवपद घोळवण्यात होतो, कधी नुसत्या आलापात. नाव मात्र पडद्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं. त्यामुळे मुरलेल्या खेळाडूंच्या डोक्यात ‘रु’ची गाणी, ‘झे’ची गाणी अशा याद्या तयार असतात.

आद्याक्षरावरून रचना लक्षात ठेवण्याची ही सवय कराओकेपेक्षा कितीतरी जुनी. तेराव्या शतकात निवडलेल्या शंभर कविता पुढे पत्त्यांच्या खेळात आल्या. वाचणारा कवितेची सुरुवात म्हणतो आणि खेळाडू तिच्या उत्तरार्धाचा पत्ता उचलतात. पहिल्या अक्षरावर हात पुढे जायला हवा, म्हणून शंभर कवितांची आद्याक्षरानुसार वाटणी खेळाडू पाठच करतात. ‘आ’ने सुरू होणाऱ्या कविता १६, मु, सु, मे, फु, सा, हो आणि से या सात अक्षरांना प्रत्येकी फक्त एक. रा, री, रु, रे, रो यांपैकी एकाही अक्षराने सुरू होणारी कविता त्या शंभरात नाही. मूळच्या जपानी शब्दांची सुरुवात ‘र’ने होतच नसे. तसे शब्द आले ते चिनीतून आणि नंतर युरोपीय भाषांतून. कराओकेच्या खोलीत ‘रु’ आल्यावर होणाऱ्या कोंडीचं मूळ इतकं मागे जातं.

साखळीचा खेळही जुना आहे. आधीच्या ओळीच्या शेवटच्या अक्षराने पुढची ओळ सुरू करायची, अशा रचना मध्ययुगात होत्या. एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) उत्तरार्धात वाघावर संपलेली ओळ पुढे वाघापासूनच सुरू व्हावी, अशी शब्दाला शब्द जोडणारी गाणी मुलांच्या तोंडी होती. तोंडी शब्दसाखळीचे आजचे नियम सर्वांना ठाऊक असतात: फक्त नाम चालतं आणि शब्द ‘न्’वर संपला की हार, कारण ‘न्’ने सुरू होणारा शब्द मिळत नाही.

आता यादीच्या क्रमाबद्दल, कारण कराओकेतला खेळ यादीवर उभा आहे. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी ४७ अक्षरांची एक जुनी कविता जपानमध्ये शतकानुशतकं क्रम म्हणून वापरली गेली. तिच्या जोडीने दुसरा क्रम होता: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. देवनागरी शिकलेल्या माणसाला तो चटकन ओळखीचा वाटेल. संस्कृत वर्णमालेचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तो जपानात रुजला. प-वर्गाच्या जागी ‘हा’ दिसतो, कारण तो उच्चार प्राचीन काळी ‘पा’ होता. १८८९ ते १८९१ या काळात छापल्या गेलेल्या पहिल्या आधुनिक जपानी शब्दकोशाने हाच क्रम घेतला. त्या वेळी काही मोठ्या विद्वानांना तो रुचला नव्हता, पण पुढे कोश, दूरध्वनी पुस्तिका आणि गाण्यांच्या सूचीही याच क्रमाने लागल्या.

कराओकेचा इतिहास इथे दोन ओळींत पुरे. १९७१ मध्ये कोबेच्या एका वादकाने नाणं टाकून चालणारं यंत्र केलं, १९८२ मध्ये लेझर डिस्क आली, १९८५ च्या सुमारास ओकायामात मालवाहू कंटेनरमधून स्वतंत्र खोल्या उभ्या राहिल्या. साखळीच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र १९९२. गाणी टेलिफोनच्या तारेवरून यंत्रात येऊ लागली आणि डिस्क ठेवायला जागा किती, हा प्रश्नच उरला नाही. गाण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि खोलीतल्या टेबलावरचं सूचीचं पुस्तक दूरध्वनी पुस्तिकेएवढं जाड झालं. त्यात गाणी नावाच्या क्रमाने लावलेली असत आणि प्रत्येकापुढे यंत्रात दाबायचा क्रमांक. ‘रु’चं पान उघडलं की ‘रु’ची सगळी गाणी एका नजरेत. माझ्या मते गाण्यांची साखळी घरोघरच्या खेळातून कराओकेत रुळली ती या पुस्तकामुळे. स्मरणशक्तीची परीक्षा असलेला खेळ त्याने सगळ्यांसाठी खुला केला.

पुस्तकाने नावाचं वाचनही पक्कं केलं. १९८९ मधल्या एका प्रसिद्ध रॉक गाण्याचं नाव म्हणजे लाल रंगाचं एकच चिनी अक्षर. ते ‘बेनी’ असंही वाचता येतं, पण गाण्याचं नाव ‘कुरेनाइ’ आहे, म्हणून ते ‘कु’च्या पानावर. रोमन लिपीतली नावंही जपानी उच्चाराप्रमाणे लागली. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, त्यामुळे ‘लव्ह’ने सुरू होणारी असंख्य नावं ‘रा’खाली आली आणि जुन्या कवितांत रिकामी असलेली ओळ भरून गेली.

‘रु’ची तंगी तरीही संपली नाही. ‘रुबी नो युबिवा’ (१९८१), ‘रूजु नो देंगोन’ (१९७५) ही हमखास सुचणारी नावं, आणि दोन्हींचा पहिला शब्द परकीय. उलट ‘रु’वर संपणारी नावं भरपूर. जपानी क्रियापदांची मूळ रूपं मोठ्या प्रमाणात ‘रु’वर संपतात. तोंडी खेळात फक्त नाम चालत असल्याने ती बाहेर राहतात. गाण्याच्या नावाला तसं बंधन नसल्याने इथे ती सर्रास येतात. प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम ‘रु’ देत राहण्याचा डाव म्हणून कराओकेत जास्त बोचतो.

खरा वाद आहे तो परकीय शब्दांत दीर्घ स्वर दाखवणाऱ्या आडव्या रेघेचा. ‘इतोशी नो एरी’ (१९७९) हे नाव घ्या. ‘री’ जपानीत ‘रि’ आणि त्यापुढे रेघ अशी लिहितात. मग पुढच्याने ‘रि’ने सुरू करायचं की लांबवलेल्या स्वराप्रमाणे ‘इ’ने? आपल्याकडे दीर्घत्व अक्षराच्या पोटातच असल्याने आपल्याला ‘री’ हेच सहज वाटेल. जपानमध्ये मात्र तीन पंथ आहेत: रेघ सोडून आधीचं अक्षर घेणारे, रेघेच्या जागी स्वर धरणारे आणि दोन्ही चालवून घेणारे.

रेघेच्या जागी स्वर धरणाऱ्यांच्या बाजूने एक वजनदार दाखला आहे. १९९६ मध्ये अक्षरक्रमासाठी झालेल्या राष्ट्रीय मानकात रेघ आधीच्या अक्षराच्या स्वराप्रमाणे धरली गेली. पण ते मानक यादी लावण्यासाठी आहे, आणि रेघ मोजणीतच न धरणारे ज्ञानकोशही आहेत. मला हा दाखला खेळासाठी पुरेसा वाटत नाही. १९६१ मधलं ‘उए ओ मुइते आरुको’ पाहा. शेवटचा उच्चार दीर्घ ‘ओ’ आहे, लिहिलेलं अक्षर ‘उ’ आहे आणि पुढचं गाणं ‘उ’ने सुरू करायचं हे सगळे बिनतक्रार मानतात. म्हणजे खेळ लिहिलेल्या अक्षराचा आहे, उच्चाराचा नाही. रेघ हे अक्षरच नाही, तेव्हा एक पाऊल मागे येऊन आधीचं अक्षर घेणं हेच सुसंगत.

लेखनच बदललं तर साखळीही बदलते. १९४६ च्या लेखनसुधारणेपूर्वी ‘आज’ या अर्थाचा ‘क्यो’ हा शब्द ‘केफु’ असा लिहीत, म्हणजे तेव्हाची साखळी ‘फु’वर गेली असती, आज ती ‘उ’वर जाते. त्याआधी १९०० मध्ये शाळांसाठी निघालेल्या नियमाने चिनी मुळाच्या शब्दांतले दीर्घ स्वरही रेघेने दाखवायचं ठरवलं होतं. कडाडून विरोध झाला आणि १९०८ मध्ये तो मागे घेतला गेला. तो टिकला असता तर परकीय शब्दांपुरता असलेला हा वाद निम्म्या शब्दसंग्रहात पसरला असता.

स्वराचा नियम खेळालाही मारक आहे. इंग्रजीतून आलेली नावं मोठ्या संख्येने लांब ‘आ’ किंवा ‘ई’वर संपतात. ‘दोराइ फुरावा’ (२०२०) स्वराच्या नियमाने ‘आ’ देतं, म्हणजे सूचीतलं सर्वात सुपीक पान. रेघ सोडली तर ‘वा’ येतं आणि थोडा तरी विचार करावा लागतो.

बाकीच्या मुद्द्यांवर एवढी ताणाताणी नाही. ‘क्यो’सारख्या उच्चारात लहान आकारात लिहिलं जाणारं ‘यो’ मोठं धरतात. दोन टिंबांनी ‘से’चं ‘झे’ होतं, तिथे टिंबं काढायची मुभा बरेच गट देतात, पण टिंबांसह साखळी जुळली तर मजा वेगळीच: ‘झांकोकु ना तेन्शी नो तेझे’ (१९९५), मग ‘झेन झेन झेन्से’ (२०१६), मग ‘सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना’ (२००३), मग ‘नागोरियुकी’.

२००० नंतरच्या दशकात जाड पुस्तकाची जागा हातात धरायच्या टचस्क्रीनने घेत नेली. आता गाणी दोन लाखांहून अधिक आहेत आणि पहिलं अक्षर टाकलं की यादी समोर येते. ‘न्’चा नियम काही गट शिथिल करतात, कारण ‘रेमोन’ (२०१८) सारखं सर्वांना येणारं गाणं ‘न्’वर संपतं म्हणून टाळायचं, हे मनाला पटत नाही. ‘रु’ला मात्र ओहोटी नाही. २०१९ चं ‘योरु नि काकेरु’ आणि २०२३ चं ‘आइदोरु’, दोन्ही अफाट गाजली आणि दोन्ही ‘रु’वरच संपतात.