बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत : सपाट टीव्हीवरील ‘गेम मोड’ची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या ज्या घरांत ‘टीव्ही गेम’ आला, त्या घरांतल्या मुलांना त्याबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची बंदूक आजही आठवत असेल. खाचेत कॅसेट बसवायची, टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी गेमची वायर लावायची, चॅनेल जुळवायचे आणि पडद्यावर उडणाऱ्या बदकांवर नेम धरायचा, असा तो खेळ होता. मूळ खेळ निन्टेंडो या कंपनीने 1984 साली जपानात आणला. आपल्याकडच्या बाजारात मिळे ती बहुतेक त्या कंपनीच्या गेमयंत्राची नक्कल असे. या बंदुकीतून पडद्याकडे काहीच जात नसे, उलट तिच्या नळीत बसवलेला प्रकाशसंवेदक पडद्याकडे पाहत असे. घोडा ओढला की खेळ क्षणभर सारा पडदा काळा करी आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढी. त्या नेमक्या क्षणी संवेदकाला उजेड दिसला तर बदक पडले, नाही तर नेम चुकला.

हेच यंत्र आणि हीच बंदूक आज सपाट पडद्याच्या टीव्हीला जोडली, तर एकही बदक पडत नाही. खेळ ज्या क्षणी पांढऱ्या चौकोनाची अपेक्षा करतो, त्या क्षणी तो चौकोन पडद्यावर पोचलेलाच नसतो. टीव्हीने तो आपल्याजवळ ठेवून घेतलेला असतो. आजच्या टीव्हीच्या मेन्यूत ‘गेम मोड’ नावाची जी सोय असते, तिचे सारे कारण या एका गोष्टीत आहे. जुना टीव्ही चित्र साठवत नव्हता आणि नवा टीव्ही ते साठवल्याशिवाय दाखवू शकत नाही.

पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरच्या, म्हणजे झोत पडताच उजळणाऱ्या पदार्थाच्या, थरावर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरत असे, आणि येणारा संकेत जसा येईल तसा तो झोत कमीजास्त प्रखर होई. मध्ये कुठेही थांबा नव्हता. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि 1982 साली देशात रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा आपण स्वीकारलेली पद्धत 625 रेषांची आणि सेकंदाला 25 पूर्ण चित्रांची होती. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत पाठवले जाई. आधी एकाआड एक रेषा आणि मग उरलेल्या, म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रे. हा आकडा विजेच्या 50 हर्ट्झ वारंवारतेशी जुळवलेला होता. अर्ध्या चित्रांचा हा हिशेब डोळा आणि फॉस्फर मिळून जमवून घेत. टीव्हीला त्यासाठी स्मृती लागत नव्हती.

सपाट पडद्याचा एक जन्म मात्र स्मृतीच्याच शोधातून झाला, आणि ही हकीकत मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकावर आधारित शिक्षणपद्धती उभी राहत होती. विद्यार्थ्यांसमोरच्या पडद्यावर चित्र टिकवायचे तर पिक्चर ट्यूबला ते सतत पुन्हा पुन्हा पुरवावे लागे, आणि त्यासाठी लागणारी स्मृती त्या काळी फार महाग होती. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटॉ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1964 साली यावर जो उपाय काढला तो प्लाझ्मा पॅनेल. त्यातील वायूचा ठिपका एकदा पेटवला की विझवेपर्यंत पेटलेला राहतो, म्हणजे पडदा स्वतःच चित्र लक्षात ठेवतो. चार वर्षांनी, 1968 मध्ये, आरसीए कंपनीतील जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवस्फटिकाचा पडदा जाहीर केला, ज्यातून पुढे कॅल्क्युलेटर, घड्याळे आणि अखेर एलसीडी टीव्ही आले.

हे पडदे 2000 नंतर घराघरांत येऊ लागले तेव्हा प्रक्षेपण, डीव्हीडी आणि गेमची यंत्रे सगळी जुन्या पद्धतीचीच होती. पॅनेलला ठिपक्यांची ठरलेली संख्या हवी आणि पूर्ण चित्र हवे. येणारा संकेत मात्र अर्ध्या रेषांचा आणि वेगळ्या मापाचा. त्यामुळे टीव्हीत एक चिप बसली. ती मागचे-पुढचे अर्धे चित्र थांबवून ठेवी, त्यांची सांधणी करी, मोठे करी, वरून चित्रातला दाणेदारपणा पुसून रंग चढवी. जुन्या गेमच्या यंत्रांचे हाल यात जास्त झाले, कारण ती 240 रेषांचे चित्र पाठवत आणि कित्येक सपाट टीव्ही त्याला अर्धे चित्र समजून विनाकारण सांधत बसत. प्रत्येक पायरीला काही मिलीसेकंद लागतात. बातम्या पाहताना ते कळत नाहीत, कारण आवाजही तितकाच उशिरा सोडला जातो. हातात कंट्रोलर असला की लगेच कळतात.

पिक्चर ट्यूबच्या काळातली आणखी एक सवय या टीव्हींनी वारशात घेतली. काचेच्या कडेला झोत नीट जुळत नसे, म्हणून कारखान्यातच चित्र थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीआड दडवत, आणि प्रक्षेपकही महत्त्वाचा मजकूर कडांपासून आत ठेवत. सपाट पडद्याला अशी दडवादडवी करण्याची गरजच नाही, तरी बरीच वर्षे टीव्ही कंपन्यांनी ती चालू ठेवली. आमच्या गावच्या घरी पहिला एलसीडी टीव्ही आला तेव्हा मराठी वृत्तवाहिनीच्या तळाच्या पट्टीतील अक्षरांचे पाय, ‘कु’ आणि ‘पू’ यांचे उकार, कापले जात. वडील ते वाहिनीचेच चुकते असे धरून चालत. रिमोटवरून चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’वर नेला आणि पट्टी पूर्ण दिसली. त्याहून मोठा लाभ असा झाला की अक्षरे एकाएकी रेखीव झाली, कारण 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे चित्र ताणून मग कापण्याऐवजी ते ठिपक्यास ठिपका बसू लागले. कोणताही टीव्ही घरी आल्यावर पहिल्यांदा हेच तपासावे, असे माझे मत आहे. वेगवेगळ्या कंपन्या या सोयीला ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशी वेगवेगळी नावे देतात, काम एकच.

‘शार्पनेस’चा आकडाही असाच जुना पाहुणा आहे. अॅनालॉग संकेत वाटेत मऊ होत असे, म्हणून कडांना उठाव देण्याची सोय लागे. डिजिटल चित्रात तीच सोय अक्षरांभोवती पांढरट रेघ काढते. काही संचांत तिचा तटस्थ बिंदू शून्यावर असतो, तर काहींत मधल्या आकड्यावर.

हालचालीचा प्रश्न अधिक खोल आहे. पिक्चर ट्यूबवरचा प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझत असे. एलसीडी आणि आजचा ओएलईडी पडदा पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र धरून ठेवतो. सेकंदाला 60 चित्रे असतील तर प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलीसेकंद जागेवर उभे असते. आपला डोळा मात्र धावणाऱ्या चेंडूमागे सलग सरकत राहतो, आणि उभे चित्र सरकत्या डोळ्यात पुसट उमटते. पॅनेल कितीही चपळ असले तरी ही पुसटता जात नाही, कारण दोष चपळतेचा नसून धरून ठेवण्याचा आहे. यावर दोन उपाय निघाले. पहिला, दोन चित्रांच्या मध्ये काळा क्षण घालणे, ज्याने उजेड बराच कमी होतो. दुसरा, दोन खऱ्या चित्रांमध्ये गणिताने तिसरे बनवून घालणे. ही दुसरी कल्पना सपाट टीव्हीच्याही आधीची आहे; फिलिप्सने 1990 च्या दशकात 100 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 100 वेळा चित्र काढणाऱ्या, पिक्चर ट्यूबसाठीच ती बाजारात आणली होती. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात 100 आणि 120 हर्ट्झचे एलसीडी पॅनेल आले आणि ही सोय कारखान्यातूनच चालू होऊन येऊ लागली.

क्रिकेट पाहताना तिचा उपयोग आहे, हे मान्य करायला हवे. सिनेमाचे मात्र तिने नुकसान केले. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि त्याची संथ, किंचित तुटक लय ही त्याच्या भाषेचा भाग आहे. मधली चित्रे भरली की तो स्टुडिओत चित्रित केलेल्या रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर 2018 मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी चित्रफीत काढून ही सोय बंद करण्याचे आवाहन प्रेक्षकांना केले, आणि ऑगस्ट 2019 मध्ये यूएचडी अलायन्स या उद्योगसंघाने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, ज्यात ही सारी भर एका बटणाने बंद होते. खेळाच्या दृष्टीने ही सोय आणखी महाग पडते. मधले चित्र बनवायचे तर पुढचे खरे चित्र हाती यावे लागते, म्हणजे टीव्हीला हातचे चित्र दाखवण्याआधी वाट पाहावी लागते.

या उशिराची जाणीव सर्वसामान्य खेळाडूंना करून दिली ती संगीताच्या खेळांनी. प्लॅस्टिकच्या गिटारीवर ठेक्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबायचे, असे खेळ 2005 नंतर लोकप्रिय झाले आणि सपाट टीव्हीवर ते खेळताना ठेका हमखास चुकू लागला. खेळांमध्ये उशीर मोजून जुळवण्याचा पडदा द्यावा लागला. 2008 साली ‘रॉक बँड 2’सोबतच्या गिटारीत तर प्रकाशसंवेदक आणि माइकच बसवले होते, जेणेकरून गिटारीनेच टीव्हीचा उशीर मोजावा. बदकांच्या बंदुकीतली तीच युक्ती उशीर मोजायला पुन्हा कामी आली.

गेम मोड म्हणजे चिपच्या या साऱ्या पायऱ्या शक्य तितक्या वगळून चित्र थेट पॅनेलकडे नेणे. मी घरी मोबाइलच्या सेकंदाला 240 चित्रांच्या कॅमेऱ्याने कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्ही एकाच चौकटीत धरून मोजले होते. एक चित्र म्हणजे सुमारे 4.2 मिलीसेकंद. अंगठा बटणावर बसल्यापासून पडद्यावरचा खेळाडू हलेपर्यंत ‘स्टँडर्ड’ मोडमध्ये 38 चित्रे गेली, गेम मोडमध्ये 17. म्हणजे जवळजवळ 160 मिलीसेकंदांवरून 71 वर. त्यात कंट्रोलरचा आणि खेळाचा स्वतःचा उशीरही धरलेला आहे, तो दोन्ही वेळा सारखाच. मधला फरक सगळा टीव्हीचा. आजचे चांगले टीव्ही 60 हर्ट्झवर गेम मोडमध्ये स्वतःचा उशीर दहा मिलीसेकंदांच्या आसपास आणतात आणि 120 हर्ट्झवर त्याच्या निम्म्याजवळ.

पुढचा अडथळा केबलचा होता. गेमचे यंत्र टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय या जोडणीची पहिली आवृत्ती डिसेंबर 2002 मध्ये आली. 2013 च्या 2.0 आवृत्तीत 4के चित्र सेकंदाला 60 वेळा जाऊ लागले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर झालेल्या 2.1 ने क्षमता सेकंदाला 18 गिगाबिटवरून 48 वर नेली. तिच्यासोबत दोन गोष्टी आल्या. एकीने गेमचे यंत्र स्वतःच टीव्हीला गेम मोडमध्ये जायला सांगते. दुसरीने पडद्याचा ठरलेला ठेका सुटतो. खेळाचे चित्र तयार होईल तेव्हा पडदा बदलतो, म्हणून चित्र मध्येच फाटत नाही आणि अडखळतही नाही. संगणकाच्या मॉनिटरसाठी एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने ही कल्पना 2013 मध्येच आणली होती. नोव्हेंबर 2020 मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि प्लेस्टेशन 5 आले, भारतात प्लेस्टेशन फेब्रुवारी 2021 मध्ये पोचले, आणि त्याला बदलत्या ठेक्याची ही सोय मिळायला एप्रिल 2022 उजाडले.

इथे ग्राहकाची मोठी गैरसोय होते आणि ती स्पष्ट सांगायला हवी. 2.1 मधील बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे खोक्यावर 2.1 छापलेले असले तरी 120 हर्ट्झ मिळेलच असे नाही. कित्येक संचांत चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण क्षमतेचे असतात. त्यांच्याशेजारी ‘4के 120 हर्ट्झ’ असे बारीक लिहिलेले असते. शिवाय जुने सेट-टॉप बॉक्स बिथरू नयेत म्हणून कित्येकदा त्या पोर्टची वाढीव क्षमता मेन्यूत बंद ठेवलेली असते आणि ती प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्रपणे चालू करावी लागते. महागडे यंत्र जोडून महिनोन्‌महिने 60 हर्ट्झवर खेळणारी माणसे मी पाहिली आहेत.

रंग आणि उजेड यांची कहाणी याहून सरळ आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून ‘व्हिविड’ मोड जन्मला, त्याचा निळसर पांढरा रंग घरासाठी नव्हताच. एचडी प्रक्षेपणाचे रंगमान 1990 साली ठरले आणि त्यातला पांढरा सुमारे 6,500 केल्व्हिनचा (आकडा जितका मोठा तितकी छटा निळसर) आहे. मेन्यूतील ‘वॉर्म’ त्याच्या सर्वांत जवळ जातो. पहिले दोन दिवस तो पिवळट वाटतो, मग डोळा सरावतो. एचडीआर या नव्या चित्रपद्धतीने उजेडाची मर्यादा वाढवली. पूर्वी चित्र 100 निट (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) धरून घडवले जाई, 2014 साली प्रमाणित झालेली नवी पद्धत 10,000 निटपर्यंत मोजते. घरचा टीव्ही तिथवर जात नाही, म्हणून तो प्रखर भाग दाबून बसवतो. खेळ स्वतःही तेच करतो आणि दोघांनी दाबल्यावर आकाशातले ढग सपाट दिसतात. यासाठी खेळ आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून एचजीआयजी नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. टीव्हीत तो पर्याय असेल तर निवडावा, आणि मग यंत्राच्या एचडीआर जुळवणीच्या पडद्यावर दाखवलेली खूण दिसेनाशी होईपर्यंत आकडा न्यावा.

पिक्चर ट्यूबची एक गोष्ट मात्र अजून कुणाला पुरती साधलेली नाही. 2001 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या खेळाच्या स्पर्धांना खेळाडू आजही वजनदार जुने टीव्ही उचलून आणतात, कारण त्यावर उशीरही नाही आणि हालचालीत पुसटपणाही नाही. ओएलईडीवर काळा क्षण घालून ती स्वच्छता जवळ आणता येते, पण काळ्या क्षणाला ठरलेला ठेका लागतो आणि नव्या खेळांना बदलता ठेका हवा असतो. बहुतेक टीव्हींत यातले एक चालू केले की दुसरे आपोआप बंद होते.