मराठी मजकुराची मॅक्रोने सफाई : वापरण्यापूर्वी वाचा

आमच्याकडून वर्डसाठीचा मॅक्रो-संच (मॅक्रो म्हणजे एका फटक्यात चालणारी, आधीच लिहून ठेवलेली आज्ञांची मालिका) घेतलेले प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक आणि डीटीपी करणारे यांच्यासाठी हे पत्रक आहे. स्वतःचा मॅक्रो स्वतः बनवणाऱ्यांनाही यातले बहुतेक लागू पडेल. आज्ञांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील. संकेतांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला असलेला क्रमांक) टंकताना मात्र आकडे इंग्रजीच वापरा.

दहा लेखकांचा मजकूर दहा तऱ्हांनी टंकलेला येतो. कुठे दोन-दोन जागा सोडलेल्या, कुठे स्वल्पविरामाआधी जागा, कुठे विसर्गाऐवजी अपूर्णविराम. हे हाताने दुरुस्त करायला दिवस जातो, मॅक्रोला काही सेकंद लागतात. पण मॅक्रो शब्द वाचत नाही, फक्त संकेतांक जुळवतो. पुढच्या बहुतेक सूचना याच कारणाने दिल्या आहेत.

संच बसवताना

ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो वर्ड आपणहून बंद ठेवते. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने हे अधिक कडक केले आहे, आणि ते योग्यच आहे: १९९९ चा मेलिसा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. म्हणून आधी वर्ड बंद करा, आमच्या डॉटएम फाईलवर (मॅक्रो असलेली साचा-फाईल) माउसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा, खाली अनब्लॉकच्या चौकटीत खूण करा आणि मग फाईल वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा. हे फोल्डर कुठे आहे ते फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या मार्गाने सर्वांत खालच्या फाईल लोकेशन्समध्ये दिसते. मॅक्रो चालत नाही म्हणून ट्रस्ट सेंटरमध्ये (वर्डच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये) ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ हा पर्याय कोणी सुचवला, तर ऐकू नका.

चालवण्याआधी

मूळ फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवा. ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय) बंद करा. ते चालू असेल तर खोडलेला मजकूर कागदावर राहतोच, आणि शोधात तोही सापडतो. ‘दोन जागा सापडेनाशा होईपर्यंत बदलत राहा’ अशी आज्ञा असलेला मॅक्रो मग थांबतच नाही, वर्ड गोठल्यासारखे दिसते. असे झाले तर कंट्रोल आणि ब्रेक या कळा एकत्र दाबा. लॅपटॉपवर ब्रेक नसेल तर एस्केप दाबून पाहा.

मजकूर युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आहे ना, हेही पाहा. परिच्छेद निवडून फॉन्ट मंगल किंवा निर्मला केला तरी मराठी वाचता आले, तर तो युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तो कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. त्याच्यावर आमचा संच चालवू नका. कृतिदेवमध्ये अर्धा श साध्या एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर असतो आणि अर्धा ष दुहेरी अवतरणाच्या. अवतरणचिन्हे गोल करणारा मॅक्रो तिथे चालवला की मजकुरातले श आणि ष एका फटक्यात जातात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग सफाई.

क्रम बदलू नका

पहिल्यांदा परिच्छेद, मग जागा, मग विरामचिन्हे, मग अक्षरांचे संकेतांक, शेवटी आकडे. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात प्रत्येक ओळीच्या टोकाला परिच्छेदखूण (एंटर दाबल्यावर येणारी) असते. मॅक्रो जोडीने आलेल्या खुणांच्या जागी आधी एक तात्पुरते चिन्ह ठेवतो, उरलेल्या एकट्या खुणांची जागा करतो आणि नंतर तात्पुरत्या चिन्हाची परत परिच्छेदखूण करतो. या जोडकामात जागा दुप्पट होतात, म्हणून जागांची सफाई त्यानंतर. परिच्छेदांमध्ये मोकळी ओळच नसेल तर अख्खे प्रकरण एका परिच्छेदात गोळा होते. अशा वेळी ही पायरी गाळून परिच्छेद हातानेच पाडा. संवाद आणि कविता असतील तिथेही तसेच करा.

वाइल्डकार्डचा (एका चिन्हाने अनेक अक्षरे जुळवण्याचा) पर्याय वापरून स्वतः शोध घेत असाल, तर ‘फाइंड’च्या रकान्यात परिच्छेदखुणेसाठी कॅरेट-पी (^p) चालत नाही, कॅरेट आणि १३ (^13) लिहावे लागते. ‘रिप्लेस’च्या रकान्यात मात्र कॅरेट-पीच द्या. प्रश्नचिन्ह शोधायचे असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. नाहीतर वर्ड त्याचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा घेते, आणि तेसुद्धा एक संकेतांक, एक अक्षर नव्हे. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर, वर्डला क आणि वेलांटी असे दोन.

वाक्याच्या शेवटी हिंदीसारखा दंड आलेला असेल तर संच त्याचा पूर्णविराम करतो. अभंग, ओव्या आणि श्लोक यांना आधी ‘पद्य’ ही स्टाइल लावा. त्या स्टाइलमधला मजकूर मॅक्रो सोडून देतो. हे विसरलात तर प्रत्येक चरणाअखेरचा दंड जाऊन टिंब येईल.

अर्ध्या र ची काळजी

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एकात २३५३ आणि २३८१ हे दोन संकेतांक, दुसऱ्यात २३५२, २३८१ आणि त्यामागे ८२०५, म्हणजे पडद्यावर न दिसणारा जोडक. दोन्ही छापले की सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. नेटवर मिळणारे बरेच सफाई-मॅक्रो ‘अदृश्य चिन्हे काढा’ म्हणून ८२०५ सरसकट उडवतात. मग दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या शब्दांत य वर रफार चढतो. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले तर निदान डोळ्याला खटकते. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर मुद्रितशोधकही फसतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. आमचा संच आधी तीन संकेतांकांच्या अर्ध्या र चे दोनात रूपांतर करतो आणि मगच बाकीच्या अदृश्य चिन्हांकडे वळतो.

‘ॲ’चीही तीच गत: तो एकाच संकेतांकाने (२४१८) लिहिता येतो, किंवा अ (२३०९) आणि त्यावर अर्धचंद्र (२३७३) असाही. संच सगळीकडे पहिला ठेवतो, म्हणजे ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ शोधताना सगळे सापडतात.

विसर्ग आणि आकडे

‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘नि:शब्द’ यांत अपूर्णविराम टंकण्याची सवय फार पसरलेली आहे. दोन देवनागरी चिन्हांमधला अपूर्णविराम म्हणजे विसर्ग, असा सरसकट नियम मात्र धोक्याचा. ‘लेखक:’नंतर जागा सुटली नसेल तर तिथेही विसर्ग येतो, आणि आकडे आधीच देवनागरी केलेले असले तर ‘१०:३०’ या वेळेतही. म्हणून संच ठरावीक शब्दांच्या यादीने काम करतो: अंतःकरण, प्रातःकाल, अधःपतन, सामान्यतः, विशेषतः वगैरे. यादी तुम्हाला वाढवता येते.

इंग्रजी आकडे देवनागरी करताना वेबपत्ते, ईमेल आणि आयएसबीएन यांना ‘जसेच्या तसे’ ही स्टाइल लावा. पानांचे आकडे आपोआप येणारे असतात, त्यांना मॅक्रो हात लावत नाही. ते पेज नंबरच्या फॉरमॅटमधून बदला.

शुद्धलेखन यादीने, तेही जपून

‘आणी’चे ‘आणि’ करा असे सांगितले की ‘आणीबाणी’ची ‘आणिबाणी’ होते. ‘पाणि’चे ‘पाणी’ केले की पाणिनीचा पाणीनी होतो. ‘कि’चे ‘की’ केले की ‘किती’चे ‘कीती’. असे छोटे शब्द यादीत घालताना दोन्ही बाजूंना जागा धरूनच घाला. स्वल्पविरामाला चिकटलेले काही सुटतील, ते चालेल. सुटलेली चूक वाचताना सापडते, नव्याने घुसलेली सहसा सापडत नाही.

स्वतः रेकॉर्ड करणार असाल

व्ह्यू टॅबमधून मॅक्रोज, मग रेकॉर्ड मॅक्रो. नावात जागा चालत नाही. रेकॉर्डिंग सुरू असताना माउसने मजकूर निवडता येत नाही, शिफ्ट आणि बाणाच्या कळा वापरा. जोडकळ देताना ती आधीच कशाला दिलेली आहे का, हे त्याच चौकटीत दिसते. कंट्रोल-एस गमावून बसू नका. मॅक्रो डॉक्स फाईलमध्ये राहत नाही. जतन करताना वर्ड विचारते आणि घाईत ‘यस’ दाबले की मॅक्रो जातो. डॉकएम (मॅक्रो धरून ठेवणारी फाईल) म्हणून जतन करा. ऑल्ट-एफ११ ने उघडणाऱ्या संपादकात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, कारण तो युनिकोड जाणत नाही. तिथे अक्षराऐवजी सीएचआरडब्ल्यू (ChrW) या फंक्शनमध्ये संकेतांक द्यावा लागतो.

नेटवरून घेतलेला मॅक्रो परिच्छेदाचा मजकूर बाहेर काढून, बदलून परत ठेवणारा असेल तर टाळा. ठळक, तिरपी अक्षरे आणि तळटीपांच्या खुणा त्यात पुसल्या जातात. तसेच साधा मॅक्रो फक्त मुख्य मजकूर पाहतो. तळटीपा, शीर्षपट्टी आणि टेक्स्ट बॉक्स त्याला वेगळे सांगावे लागतात. आमचा संच या तिन्हींत जातो.

झाल्यावर

रिव्ह्यू टॅबमधल्या कंपेअरने मूळ आणि नवी फाईल ताडून पाहा. प्रत्येक बदल रंगात दिसतो. सगळे वाचणे शक्य नसेल तर अर्धा र, विसर्ग आणि पद्य एवढे तरी नजरेखालून घाला. वर्ड २०१० आणि पुढच्या आवृत्त्यांत संचाची अख्खी फेरी एका कंट्रोल-झेडने उलटते, पण फाईल बंद करेपर्यंतच.

मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये मॅक्रो चालत नाहीत. लिबर ऑफिसमध्ये वर्डचे मॅक्रो अर्धवट चालतात, त्यासाठी वेगळा संच मागवा. अडचण आली तर आम्हाला मूळ फाईल, सफाई केलेली फाईल आणि वर्डची आवृत्ती अशा तिन्ही गोष्टी पाठवा. नुसत्या पडद्याच्या फोटोवरून संकेतांक कळत नाहीत.