काट्यापासून हातापर्यंत : विचाराने हलणाऱ्या कृत्रिम हाताची पार्श्वभूमी

‘नुसत्या विचाराने हलणारा कृत्रिम हात’ अशी बातमी अधूनमधून येतेच. तिच्यात बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. हात गमावलेल्या माणसाला मिळणारा विजेवरचा हात सहसा मेंदू वाचत नाही. तो उरलेल्या दंडाच्या स्नायूंमधली सूक्ष्म वीज टिपतो. ही वाट जुनी आहे. जर्मनीत राइनहोल्ड रायटर यांनी असा हात १९४८मध्ये मांडला, तर १९६०च्या सुमारास सोव्हिएत संघात अलेक्झांडर कोब्रिन्स्की यांनी तो वापरण्याजोगा केला. पुढे शिकागोत टॉड काइकन यांनी तुटक्या हाताच्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. ‘मूठ मिट’ असा हुकूम निघाला की छातीचा स्नायू आकसतो आणि तो संकेत त्वचेवरूनच मिळतो. कवटीला हात लावावा लागत नाही.

तो लावावा लागतो, तो मानेखाली लुळ्या पडलेल्यांसाठी. त्यांचे हात शाबूत असतात, पण मेंदूतून हातापर्यंतची वाट तुटलेली असते. दुसरा इतिहास आहे तो यांचा.

त्याची सुरुवात उलट बाजूने झाली. १८७०मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला बारीक विद्युत्प्रवाह दिला आणि शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. म्हणजे हुकूम कुठून सुटतो ते कळले. तो वाचायचा कसा, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. मधल्या काळात हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी, म्हणजे डोक्यावरून टिपलेला मेंदूतल्या विजेचा आलेख, १९२९मध्ये प्रसिद्ध केला खरा. पण डोक्याच्या कातडीवरून ऐकणे म्हणजे स्टेडियमच्या भिंतीबाहेर उभे राहून आतले बोलणे ऐकणे. गलका कळतो, शब्द नाही.

शब्द ऐकू आला तो १९६९मध्ये. अमेरिकेत एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाच्या मेंदूत, हालचालींचे हुकूम सोडणाऱ्या भागात, तारेचे टोक एका चेतापेशीजवळ नेले. ती पेशी किती वेगाने ठिणग्या सोडते आहे, हे माकडाला समोरच्या मीटरच्या काट्यावर दिसत होते. वेग वाढला की खाऊची गोळी मिळे. थोड्या सरावानंतर माकड नव्याने सापडलेल्या पेशीचा वेगही ५० ते ५०० टक्क्यांनी वाढवू लागले. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. यंत्राने मेंदूची भाषा शिकायला हवी, असेच आपण धरून चालतो. इथे मेंदूच यंत्राची भाषा शिकला.

एका पेशीवर मात्र हात चालत नाही. १९८०च्या दशकात अपोस्टोलोस जॉर्जोपोलस यांनी दाखवले की प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेला निघाला की ती सर्वाधिक जोरात बोलते, दुसरीकडे वळला की आवाज उतरतो. एकटीचे मत मोघम, पण अनेकींची मते एकत्र केली की दिशा पुरेशी अचूक निघते. १९९९मध्ये चॅपिन आणि निकोलेलिस यांच्या प्रयोगात उंदरांनी मेंदूच्या संकेतांवर यंत्राचा दांडा हलवून पाणी मिळवले. मग माकडांची पाळी आली.

२००४मध्ये ब्रेनगेट नावाच्या प्रयोगात माणसाच्या मेंदूत चार मिलिमीटर लांबी-रुंदीची, ९६ इलेक्ट्रोडची (वीज टिपणाऱ्या बारीक सुयांची) चकती बसवली गेली. शर्टाच्या बटणाहून ती लहान. पंचविशीतल्या, मानेखाली हालचाल गमावलेल्या तरुणाने तिच्या जोरावर पडद्यावरचा कर्सर हलवला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातली बाई तर पक्षाघातानंतर जवळपास पंधरा वर्षे हातपाय हलवू शकत नव्हती. तिने शेजारच्या रोबो-हाताने टेबलावरची बाटली उचलली, तोंडाशी आणली, नळीने कॉफी प्यायली आणि बाटली परत ठेवली. सहापैकी चार वेळा जमले. तिच्या डोक्यातली चकती तेव्हा पाच वर्षांहून जुनी होती, हे विशेष. कारण इलेक्ट्रोडभोवती व्रणासारखी ऊती वाढते आणि आवाज क्षीण होत जातो.

एवढे सगळे चालले होते ते डोळ्यांच्या भरवशावर. वस्तू पकडली गेली की नाही, हे हात सांगत नव्हता. पिट्सबर्गमध्ये एका स्वयंसेवकाच्या मेंदूतल्या स्पर्शाच्या भागातही इलेक्ट्रोड बसवले आणि रोबो-बोटांवरचा दाब संकेत म्हणून मेंदूकडे परत पाठवला. २०२१मध्ये निष्कर्ष आले : वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायला लागणारा वेळ सुमारे २१ सेकंदांवरून १०वर आला.