चागोसच्या नातवंडांसाठी ब्रिटिश नागरिकत्व: अर्ज नेमका कुठे अडतो

इंग्लंडमधल्या क्रॉली शहरात आमच्या आसपास चागोसची, म्हणजे हिंदी महासागरातल्या ज्या बेटांवरून ब्रिटनने लोकांना हाकललं तिथली, बरीच कुटुंबं राहतात. त्यांचे फॉर्म भरायला मदत करताना एक प्रश्न दर वेळी येतो: "मॉरिशस म्हणतं बेटं आमची. मग मी ब्रिटनकडे अर्ज केला तर मॉरिशसच्या विरोधात गेलो का?"

नाही. मॉरिशसची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. ८ नोव्हेंबर १९६५ ला, म्हणजे मॉरिशसच्या स्वातंत्र्याआधी सव्वादोन वर्षं, ब्रिटनने ही बेटं तोडून वेगळी वसाहत केली आणि ते बेकायदा होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं २५ फेब्रुवारी २०१९ चं सल्लागार मतही मॉरिशसच्याच बाजूचं आहे. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी मॉरिशसच्या बाजूने ठराव झाला. २२ मे २०२५ ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया या सर्वात मोठ्या बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे. हा वाद जमिनीचा आहे. तुमचा अर्ज मात्र तुमचे आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कुठे जन्मले एवढ्यावरच ठरतो. मॉरिशसला दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे तिथला पासपोर्ट जाण्याची भीतीही बाळगू नका.

आधी हा रस्ता फार अरुंद होता. २००२ च्या कायद्याने २६ एप्रिल १९६९ ते १९८२ अखेर जन्मलेल्यांनाच घेतलं, आणि तेही आईचा जन्म बेटांवरचा असेल तरच. वडील चागोसचे असले तर उपयोग नव्हता. तेव्हा नकार आलेल्यांनी निराश होऊन कागद बासनात बांधून ठेवले आहेत. ते बाहेर काढा. २०२२ च्या कायद्यात थेट वंशज असणं पुरतं. नातवंडं, पतवंडं सगळी आली, आईकडून असोत की वडिलांकडून. गृहखात्याची फी नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते "जन्म" या शब्दावर. आजी चागोसमधल्या पेरोस बान्होस बेटांवर वाढली, तिथेच खोबरं काढायच्या कामाला होती, १९७३ ला शेवटच्या लोकांबरोबर तिला तिथून हाकललं. हे सगळं खरं असलं तरी पात्रता जन्मावर आहे, राहण्यावर नाही. नारळाच्या मळ्यांवरची माणसं अगालेगा (मॉरिशसची वेगळी बेटं, चागोसचा भाग नाहीत) आणि चागोसमध्ये ये-जा करत. अगालेगाला जन्मलेली आजी यात धरली जात नाही. अशा वेळी तिचे आई-वडील कुठे जन्मले ते शोधा, एक पिढी मागे दुवा सापडू शकतो.

दुसरी अडचण साखळीची. तुमचा जन्मदाखला, त्यात नाव असलेल्या आईचा किंवा वडिलांचा, मग त्यांच्या आईवडिलांचा, असं थेट बेटावर जन्मलेल्या माणसापर्यंत जायचं. मधला एक कागद नसला तर पुढचे सगळे लटकतात. परवा एका मुलीने पिवळा पडलेला दाखला टेबलावर ठेवला. त्यात आजीचं आडनाव शेवटी एका अक्षराने वेगळं, आणि आईच्या दाखल्यावर आजीचं पाळण्यातलं नाव. माणूस एकच, पण ते अधिकाऱ्याला कसं कळणार? फरक का पडला ते अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहा. बाप्तिस्म्याची नोंद किंवा लग्नाचा दाखला असेल तर जोडा. फ्रेंच कागदाचं इंग्रजी भाषांतरही लागेल. वडिलांचं नाव दाखल्यावर नसेल, तर आधी आईच्या बाजूने साखळी जुळते का पाहा.

ज्यांचं अख्खं गाव जहाजात भरून परक्या बंदरावर उतरवलं, त्यांच्याचकडे पन्नास वर्षांपूर्वीचे नीटनेटके कागद मागायचे, याचा मला दर वेळी राग येतो. पण कागद द्यावेच लागतात, म्हणून मॉरिशसच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या, नोंदणी कार्यालयातून प्रती मागवायला आजच सुरुवात करा.

मुदतीचाही घोळ होतो. २३ नोव्हेंबर २०२२ ला ज्यांना १८ पूर्ण होती, त्यांनी २३ नोव्हेंबर २०२७ च्या आत अर्ज करायचा. तेव्हा जे लहान होते त्यांना तेविसाव्या वाढदिवसापर्यंत वेळ आहे. मोठी माणसं मुलांची तारीख स्वतःची समजून बसतात, असं घडताना पाहिलं आहे. केवळ करारावर सह्या झाल्या म्हणून मुदत संपलेली नाही, पण नियम बदलू शकतात. भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरची माहिती पुन्हा वाचा.

जोडीदार यात येत नाही, हे आधीच नीट समजून घ्या. आमच्या ओळखीच्या एका घरात बायको चागोसच्या आजीची नात, नवरा मॉरिशसचा मराठी. ती पात्र, दोन्ही मुलं पात्र, नवऱ्याला मात्र वेगळा व्हिसा आणि त्याची पूर्ण फी.

बाकी सोपं आहे: ओळखपत्र, बोटांचे ठसे, मंजुरीनंतर प्रौढांसाठी शपथेचा समारंभ. पासपोर्टचा अर्ज त्यानंतर वेगळा, त्याला मात्र पैसे पडतात.