मातीचे पंख आणि शेवटी लागणारं सोनं

सिरॅमिकच्या देवदूताकडे पाहताना नजर आधी चेहऱ्यावर जाते, पण भट्टीत खरी कसोटी लागते ती पंखांची. धड जाड, पंख पातळ, आणि मातीला हा फरक सोसत नाही.

चिकणमातीचे कण चपटे असतात. त्यांच्यामधल्या पाण्यामुळे ते पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओली माती हवी तशी वळते. पाणी उडालं की कण जवळ येतात आणि माती आकसते. पंख आधी सुकतो, धड मात्र ओलंच असतं. सगळा ताण जोडावर येतो आणि पंखाच्या मुळाशी बारीक चीर पडते. कधी कधी ती भाजल्यावरच दिसते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू खरवडून, त्यावर मातीचा पातळ लगदा लावून त्या दाबतात. पंखांची टोकं प्लास्टिकने झाकतात, म्हणजे सगळी आकृती एका लयीत सुकते.

मूर्ती भट्टीत फुटली की दोष अडकलेल्या हवेला दिला जातो. खरा दोष बहुतेकदा ओलीचा असतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, आणि जाड मातीतून तिला वाट मिळत नाही. धड पोकळ ठेवून खाली भोक ठेवण्याचं कारण हेच. पुढे ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केओलिनच्या, म्हणजे चिकणमातीतल्या मुख्य खनिजाच्या, स्फटिकात बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर माती पाण्यात भिजवली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. पोर्सलीन (चिनी माती) तर १२५० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पसरलेले पंख स्वतःच्याच वजनाने झुकतात. त्यांना टेकू द्यायचा तो त्याच कच्च्या मातीचा, कारण पंखाबरोबर तोही तेवढाच आकसायला हवा.

सोन्याचा नंबर झिलईनंतर, म्हणजे मातीवर भाजून चढवलेल्या काचेसारख्या थरानंतर, सगळ्यात शेवटी. ते १०६४ अंशांवर वितळतं, त्यामुळे उच्च तापमानाच्या झिलईबरोबर ते भाजता येत नाही. १८३० च्या सुमारास जर्मनीतल्या मायसेनच्या पोर्सलीन कारखान्यात हाइनरिश क्यून यांनी द्रव सोन्याची पद्धत काढली. सोन्याचं सेंद्रिय संयुग तेलात विरघळवून तयार झालेला हा तपकिरी द्रव ब्रशने लावतात. ७०० ते ८०० अंशांना सेंद्रिय भाग जळून जातो, झिलई किंचित मऊ होते आणि मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ सोनं तिला घट्ट धरतं. हा थर इतका पातळ असतो की खालच्या पृष्ठभागाचा पोत तो लपवू शकत नाही. गुळगुळीत झिलईवर तो आरशासारखा चमकतो, खरबरीत मातीवर मंद दिसतो. फारच पातळ लागला तर सोन्याऐवजी जांभळट छटा उमटते. माझ्या मते पिसांच्या कडांना मंद सोनंच अधिक शोभतं.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या लुका देल्ला रोब्बिया यांनी देवदूतांना पांढरीशुभ्र झिलई दिली. तिच्यातले कथील ऑक्साइडचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून खालची माती दिसत नाही. त्या परंपरेतल्या अनेक शिल्पांवरचा सोन्याचा मुलामा न भाजता, थंडच चढवलेला होता. झिलई आजही शाबूत आहे, मुलामा मात्र बहुतेक ठिकाणी झडून गेला आहे.