नॉन-टेक्निकल स्किल्सचं मूल्यमापन: शेरा नको, घडलं ते लिहा

मॅनिकिनवर, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावर, वॉर्डातला प्रसंग उभा करून आम्ही नर्सिंगच्या मुलींची नॉन-टेक्निकल स्किल्स, म्हणजे भान, संवाद, कामाची आखणी, तपासायला मदत करतो. त्यावर नाशिक, सिन्नर, निफाडच्या नर्सिंग कॉलेजांकडून एक प्रश्न हमखास येतो: "व्हायवा आम्ही घेतोच, मग हे वेगळं कशाला?" व्हायवात मुलगी एसबीएआर, म्हणजे पेशंटची माहिती डॉक्टरांना सांगायचा ठरलेला क्रम, घडाघडा म्हणते: पेशंटला आत्ता काय होतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. तीच मुलगी स्किल लॅबमध्ये मॅनिकिनचं बीपी घसरून ९०/६० आणि पल्स वाढून १२० दिसत असताना डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगते, "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये." हे विचारून कळत नाही, बघावंच लागतं.

प्रसंग बघताना निरीक्षक, म्हणजे कॉलेजचे ट्यूटर, भरतात त्या आमच्या पत्रकात तीनच भाग आहेत: परिस्थितीचं भान, संवाद आणि टीमवर्क, कामाची आखणी. प्रत्येकाला १ ते ४ गुण. ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाताशी असणाऱ्या स्क्रब नर्ससाठी स्कॉटलंडच्या अबर्डीन विद्यापीठात तयार झालेल्या स्प्लिंट्स पद्धतीचा हा साचा. वॉर्डातले प्रसंग आम्ही घातलेत.

घोळ होतो तो शेऱ्याच्या रकान्यात. ट्यूटर लिहितात, "आत्मविश्वास कमी", "मुलगी हुशार", "बोलणं गोड". एकाच मुलीला एक निरीक्षक २ देतो, दुसरा ४, आणि का ते दोन्ही पत्रकांवरून कळत नाही. मग आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावून बसतो, निकाल लांबतो आणि प्राचार्य मॅडमचा फोन येतो. त्याऐवजी असं लिहा: "फोनवर ५०० मिली एनएसची (नॉर्मल सलाईन) ऑर्डर घेतली, ती परत म्हणून दाखवून खात्री केली नाही." किंवा "बीपी घसरल्याचं स्वतः पाहिलं, सिस्टरला लगेच हाक मारली." दिसलं आणि ऐकू आलं, तेवढंच. प्रसंग संपल्या संपल्या भरा. दिवसअखेरीला आठवून भरलेल्या पत्रकांत सगळ्यांना ३ मिळतात. मितभाषी मुली तर "आत्मविश्वास कमी" अशा शेऱ्यांमुळे नाहक मार खातात. काम चोख असतं, पण छाप पडत नाही.

आणि हो, प्रसंग चालू असताना निरीक्षकांच्या काचेआडून खुणा नकोत. "अगं, ऑक्सिजन लाव" म्हटलंत की तो गुण तुमचा झाला.

दोन निरीक्षक आणि दिवसाला मोजक्याच विद्यार्थिनी, या आमच्या पद्धतीवर काही कॉलेजं कुरकुर करतात. एका दिवसात सगळी बॅच उरकता येते, पण मग प्रसंगानंतर मुलीशी बसून बोलायला वेळ राहत नाही, आणि ती शिकते त्याच बोलण्यातून. पहिल्या फेरीचे गुण इंटर्नल मार्कांना जोडू नका, असंही आम्ही सांगतो. परीक्षा म्हटली की मुली आपल्यासाठी नाटक वठवतात.

ट्यूटरांसाठी पत्रक भरण्याचा दोन तासांचा सराव पहिल्या बुकिंगमध्येच धरलेला आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सेमिस्टर परीक्षांच्या तोंडावर तारखा लवकर भरतात. तुमच्याकडे मॅनिकिन नसेल तर आमचा आणतो. फक्त लॅब वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का, ते आदल्या दिवशी कळवा.