चाल ओळखीची, पद नवं : गणपतीच्या मेळ्यांची पार्श्वभूमी

गल्लीतली पोरं जमवायची, गणपतीच्या आधी काही आठवडे रोज संध्याकाळी तालीम करून घ्यायची आणि उत्सवाच्या दिवसांत चौकाचौकांत गायचं. हौशी समूहगानाचा आपला हा जुना प्रकार म्हणजे मेळा.

1893 मध्ये पुण्यात काही गणपती सार्वजनिक बसले आणि 1894 पासून लोकमान्य टिळकांनी उत्सवाला बळ दिलं. मेळे त्याच सुमारास उभे राहिले. 1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत झालेल्या हिंदू-मुसलमान दंग्यांची धग तेव्हा ताजी होती. तोवर कितीतरी हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेनं वाजवायला, नाचायला जात. सुरुवातीच्या काही पदांनी त्यांना ‘तिकडे जाऊ नका’ असंच बजावलं. मेळ्यांचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

पोरं मावळ्यांचा वेष करत, लेझीम-टिपऱ्या खेळत, एकसुरात पदं म्हणत. गाणं शिकलेला त्यांत एखादाच. तरी जमायचं, कारण चाल आधीच सगळ्यांच्या ओठांवर असे. मेळ्याच्या छापील पुस्तिकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ लिहून पुढे एखाद्या लोकप्रिय गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. तेवढी वाचली की पेटीवाल्याला वेगळं काही सांगावं लागत नसे. शब्द मात्र ताजे. गणेशस्तवन आटोपलं की स्वदेशी, दारूबंदी, पुढाऱ्यांवरचे खटले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांनाही घराच्या ओट्यावर उभं राहून ते कळत होतं. सरकारला खुपलं ते हेच. 1910 च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले.

1920 नंतर भांडण घरातच पेटलं. पुण्यातला सन्मित्र समाज मेळा टिळकपक्षीय ब्राह्मण तरुणांचा. त्याच्यासमोर केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या मंडळींनी छत्रपती मेळा उभा केला. देव तोच, गाण्याची रीतही तीच, पण बाजू ब्राह्मणेतर चळवळीची. पदांतून एकमेकांवर बोचरे वार झाले, प्रकरण हातघाईवरही आलं. पण गणपतीपुढे कोणी गायचं आणि कोणाचं गाऱ्हाणं गायचं, हा प्रश्न त्यामुळे उघड्यावर आला, आणि तो यायलाच हवा होता.

स्वातंत्र्यानंतर लाउडस्पीकर आले, तबकड्या वाजू लागल्या, मग ऑर्केस्ट्रा. मांडवात गायला गल्लीतल्या पोरांची गरज उरली नाही आणि मेळे ओसरत गेले. आरती तेवढी अजून सगळे मिळून म्हणतात.